मुक्ताईची वेळ

कोथरूडमधल्या त्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, जिथे एरवी लोक मोडक्या सायकली आणि रंगाचे रिकामे डबे टाकतात, तिथे दोडक्याचा मांडव होता. खोटं वाटत असेल तर वाटू दे, पण होता. मांडवाखालून रांगत जायला बांबूचा बोगदा, चढायला आंब्याचे दोन ओंडके, चिखल करायला एक खळगा आणि कोपऱ्यात मातीची इवलीशी चूल. रोज सकाळी नऊच्या आत वेणूबाई झारीनं सगळं भिजवून ठेवायच्या आणि मग सोसायटीतली बारा चिमुरडी त्यावर अशी तुटून पडायची, की पाहणाऱ्याला वाटावं, इथे लग्नाची पंगत बसली आहे.

तळमजल्यावरची ही बालवाडी निशाताईंची. लहान मुलांना फरशी नको, माती हवी, हे त्यांचं स्वप्न. त्यांनी नर्सरीतून महागडी झाडं आणली आणि ती सगळी पंधरा दिवसांत मान टाकून मोकळी झाली. तेव्हा बालवाडीत मुलांचे हातपाय धुणाऱ्या वेणूबाई कंबरेला पदर खोचून पुढे आल्या. "ताई, ही माती न्हाई, इमारतीचा राडारोडा हाय. आधी खणू द्या मला." मुळशीकडच्या शेतात हयात गेलेली बाई ती. तिनं खणलं, शेणखत घातलं, वेल चढवला. मातीला पाय लागला की किंचाळणारा चार वर्षांचा रोहन तीन महिन्यांत गांडूळ तळहातावर घेऊन त्याला "बाळा" म्हणायला लागला.

वेणूबाईंची नात मुक्ताई, तीही चारच वर्षांची. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आजीबरोबर यायची आणि या बारांत तेरावी होऊन खेळायची. निशाताईंची त्याला ना नव्हती, उलट कौतुकच होतं. कारण कुठल्या दगडाखाली गोगलगाय आहे, हे फक्त मुक्ताईला माहीत असायचं.

त्या दिवशी भातुकली रंगात आली होती. मुक्ताईनं विटांच्या फटीतून आंबुशीची पानं खुडली आणि रोहनच्या तोंडात घातली. "खा. आंबट हाय." रोहनचा एक डोळा मिटला. मग म्हणाला, "अजून दे."

नेमकी तेव्हाच त्याची आई, श्रद्धा, त्याला न्यायला लवकर आली. तिनं हसून विचारलं, "गोड आहे हो मुलगी. कोणाची?"

"नात हाय माझी."

"हो का? आडनाव काय तुमचं, मावशी?"

वेणूबाईंनी सांगितलं.

"अच्छा," श्रद्धा म्हणाली.

पुण्यात 'अच्छा'चे सतरा अर्थ होतात. हा अठरावा होता. रोहनचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले होते, पण श्रद्धानं पर्समधून ओला रुमाल काढला आणि पुसले ते त्याचे ओठ. दोनदा. हात तसेच राहिले.

शनिवारी सोसायटीची बैठक झाली. निशाताई आत, वेणूबाई बाहेर चपलांच्या रॅकपाशी. आत आवाज चेअरमन अनंतरावांचा. "आमच्याकडे जातबीत कुणी मानत नाही. सभासदत्वाच्या अर्जात तसा रकानाच नाही. प्रश्न इन्फेक्शनचा आहे."

"मग इन्फेक्शन बाकीच्या बारा मुलांना होत नाही का?" निशाताईंनी विचारलं.

"ती सभासदांची मुलं आहेत. आणि निशाताई, जागा सोसायटीची, भिंत सोसायटीची. गांडुळं तेवढी तुमची, ती खुशाल घेऊन जा."

सगळे हसले. कुणीतरी टाळीही दिली.

निशाताई बाहेर आल्या त्या वेणूबाईंकडे न बघताच बोलल्या. "मावशी, जागा वाचली. फक्त एक करायचं. मुलं साडेबाराला घरी जातात ना, त्यानंतर मुक्ताईनं खेळायचं. तेव्हा सगळी बाग तिचीच. आणि तिचा पाण्याचा पेला वेगळा ठेवू. थोडे दिवस."

"ताई," वेणूबाई म्हणाल्या, "माझी आजी पाटलाच्या विहिरीवर हुबी ऱ्हायची. कुनीतरी वरून पानी वाढंल म्हनून. आता माझ्या नातीनं घड्याळाकडं बघायचं, एवढाच फरक ना?"

"मी काय करू, सांगा. बालवाडी बंद करू?"

हातचं काम सोडून खायचं काय, हाही वेणूबाईंपुढे प्रश्न होताच. निशाताई मनानं चांगल्या होत्या. तेच तर अवघड. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मग मुक्ताई रोज साडेतीन तास स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायला लागली. साडेबाराला सगळी बाग तिची व्हायची. पण एकटीनं बोगद्यातून गेलं, तर पलीकडे "भॉक" करायचं कुणाला?

आठव्या दिवशी तिनं न राहवून पायरीवरून एक पाऊल खाली टाकलं. समोर रोहन होता.

"मुक्ता, तुझी वेळ नाही आत्ता," तो म्हणाला.

चिडून नाही, चिडवून नाही. 'मुंगीला सहा पाय असतात' हे जसं तो सांगायचा, अगदी तसं. मुलं मुंगीकडून शिकतात, वेलाकडून शिकतात, आणि आपल्याकडून तर न शिकवताच. मुक्ताईनं पाऊल मागे घेतलं. ना रडली, ना आजीकडे बघितलं.

ते बघून वेणूबाईंनी झारी खाली ठेवली. "ताई, उद्यापास्नं म्या येत न्हाई."

"मावशी, असं नका ना करू. बाग तुम्हीच उभी केलीत."

"म्हनूनच. माझ्या हातानं असलं काही उगवायला नको." जाताना एवढंच म्हणाल्या, "दोडक्याला रोज पानी घाला."

कुणी घातलं नाही. महिन्याभरात वेल वाळला, आणि सोसायटीनं मातीवर प्लास्टिकचं हिरवंगार गवत अंथरलं. त्याला पाणी लागत नाही, त्यात गांडुळं होत नाहीत. पालक खूश आहेत.

त्यानंतरच्या एका रविवारी वेणूबाई नातीला घेऊन महापालिकेच्या उद्यानात गेल्या. फाटक सताड उघडं, वाळूच्या हौदात पंधरा-वीस पोरं.

"जा की."

मुक्ताई फाटकाचा गज धरून उभी राहिली. "ती पोरं गेल्यावर."

"अगं, ही समद्यांची बाग हाय. हितं कुनी काही म्हनत न्हाई."

"आपली वेळ न्हाई, आजी."

वेणूबाईंनी तिला उचलून हौदात नेऊन उभं केलं. जिथे ठेवली तिथेच ती उभी, हात पाठीमागे बांधून. एका मुलीनं आपलं फावडं पुढे केलं, "घे ना." मुक्ताई दोन पावलं मागे सरकली, तिला वाट द्यावी तशी.

अकरा वाजता रखवालदारानं शिट्टी मारली. आया हाका मारू लागल्या, पोरं पांगली, हौद रिकामा झाला. तेव्हा कुठे मुक्ताई खाली बसली आणि तिनं दोन्ही हात वाळूत खुपसले.

"चला मावशी, बाग बंद झाली," रखवालदार म्हणाला. आणि जरा थांबून, "लवकर आणायचं ना पोरीला."

वेणूबाईंना त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण तो माणूस वाईट नव्हता. आणि तसं पाहिलं, तर त्या सोसायटीतही वाईट असं कुणीच नव्हतं.