पांढऱ्या प्लगची लाज

मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की जो तो आधी आपला मोठेपणा सांगतो. मी एक जुना स्पार्क प्लग आहे, आणि मी आधी माझी लाज सांगणार आहे. परतवाड्याला कुर्बान मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये, कॅलेंडरच्या शेजारच्या खिळ्याला, मला तारेनं टांगलेलं आहे. येणारा-जाणारा विचारतो, "हे काय टांगलं मिस्त्री?" मिस्त्री प्रत्येकाला खरं काय ते सांगतात. ते सांगू लागले की मला तोंड लपवावंसं वाटतं, पण खिळ्यावरून जाणार कुठं?

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादाचं अंग, वर पांढरी शुभ्र चिनी माती आणि टोकाला बारीकशी दांडी. काम एकच. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली गेली की नेमक्या क्षणी ठिणगी पाडायची. हे काम सगळेच प्लग करतात, पण आमच्यात दोन स्वभाव असतात. गरम प्लग आपल्या टोकाची उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्यावर बसलेली काजळी जळून जाते. थंड प्लग ती उष्णता झटकन इंजिनाच्या अंगाला देऊन मोकळा होतो. यात चांगला-वाईट असं काही नसतं. इंजिन कोणतं आहे, त्यावर प्लग ठरतो. मी गरम स्वभावाचा होतो. माझ्या अंगावर तसा नंबरही छापलेला होता, पण माझं शहाणपण एवढंच की मला त्या नंबरापेक्षा माझ्या गोऱ्या रंगाचं कौतुक जास्त होतं.

कुर्बान मिस्त्रींनी वीस वर्षं विहिरीवरची रॉकेलची इंजिनं दुरुस्त केली. ती इंजिनं फार धूर करायची. साधा प्लग त्यांत आठ दिवसांत काळाठिक्कर पडायचा आणि पाण्याची धार मधेच बंद व्हायची. तिथं माझ्यासारखा गरम प्लगच टिकायचा. म्हणून मिस्त्रींच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. काळा प्लग म्हणजे बिघाड आणि पांढरा प्लग म्हणजे इंजिनाची तब्येत ठणठणीत. त्यांच्या डब्यात आमच्याच जातीचे प्लग भरलेले असत.

मग वऱ्हाडात ती वाईट वर्षं आली. विहिरी आटल्या, इंजिनं शेतातच गंजू लागली आणि मिस्त्रींचं काम बसलं. कपाशीवर अळी पडायची, फवारण्यांवर फवारण्या व्हायच्या. फवारणारा माणूस शेतातच चक्कर येऊन पडल्याच्या बातम्या गावोगावून येत. चांदूर बाजारच्या पलीकडे खुशालराव पाटलांचं गाव होतं. तिथं बस सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. गावात चार चाकांची गाडी एकच, ती खुशालरावांची जुनी पेट्रोलची जीप, आणि तिच्यात बैलगाडीला मागं टाकण्याइतकीही ताकद उरलेली नव्हती.

खुशालराव जीप घेऊन मिस्त्रींकडे आले. म्हणाले, "मिस्त्री, हिच्यात जोर भरा. कोणाले दवाखान्यात न्यायचं काम पडलं तर अमरावती तासाभरात गाठली पायजे."

मिस्त्रींनी दोन महिने जीव ओतला. सिलिंडर मोठे केले, नवे पिस्टन बसवले. इंजिनाचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते घासून पातळ करून आणलं, म्हणजे आतलं पेट्रोल जास्त दाबलं जाईल आणि जोर वाढेल. शेवटी चार प्लग तेवढे राहिले. मला नमुना म्हणून खिशात टाकून मिस्त्री अमरावतीला सरफराजच्या दुकानात गेले. सरफराज वयानं लहान, पण सुट्या भागांतला जाणकार.

त्यानं माझा नंबर वाचला आणि मान हलवली. "चाचा, हेड घासलं ना तुमी? मंग आत गर्मी लय होईन. याच्यात थंडा प्लग लागते. माह्याकडे आज नाई, दोन दिवसांत मागवून देतो."

मिस्त्री हसले. "बेटा, तू शाळेत होता तवापासून मी प्लग पाहून राहिलो. हा पाय, कसा पांढरा राहते."

मित्रांनो, मला तेव्हा त्या पोराचा राग आला होता. माझी निवड झाली म्हणून मी फुगलो होतो. मी आणि त्याच दुकानातून घेतलेले माझे तीन भाऊ त्याच संध्याकाळी जीपमध्ये बसलो आणि जीप अशी पळाली की खुशालराव परतवाड्याच्या चौकापर्यंत हसतच गेले.

आता मागं वळून पाहतो तेव्हा सगळ्या खुणा दिसतात. खुशालराव चावी काढून खिशात टाकत, तरी इंजिन आणखी चार-दोन झटके फिरत राही. ठिणगी नसतानाही आतलं पेट्रोल पेटत होतं, कारण माझं टोक निखाऱ्यासारखं लाल झालेलं असे. पण लोक म्हणत, "पाटलाच्या गाडीले थांबवावं लागते." चढावर इंजिनातून टकटक आवाज यायचा. त्याचंही कौतुक झालं.

दसरा आला. खुशालरावांकडे रीत अशी की गाडीला हार घालायचा तर घालायचा, पण प्लग काढून, पेट्रोलनं पुसून थाळीत ठेवायचे आणि औजारांसोबत त्यांचीही पूजा करायची. गावातले चार लोक जमले होते. मिस्त्रींनाही आवर्जून बोलावलं होतं. त्यांनी मला बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. "पाहा, पुसायचं कामच नाई. दुधावानी पांढरा." खरं तर इंजिनाला योग्य असलेला प्लग भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी दिसतो. मी पांढरा होतो, कारण मी आतल्या आत भाजून निघत होतो. खुशालरावांच्या पत्नी जमुनाबाईंनी मला हळद-कुंकू लावलं आणि मी ते मिरवून घेतलं.

दसऱ्यानंतर नवव्या दिवशी दुपारी बुधाजी कपाशीत पडला. तो खुशालरावांच्या शेतावर मजुरीला होता आणि सकाळपासून वाऱ्याच्या तोंडी अळीचं विषारी औषध फवारत होता. त्याला उलट्या होत होत्या, तोंडातून लाळ गळत होती. त्याची बायको शकुन त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली आणि खुशालरावांनी जीप सोडली. असे भरधाव आम्ही कधीच पळालो नव्हतो. चांदूर बाजार मागं पडलं. माझं टोक लाल झालं, मग पांढरंफटक. ठिणगीची वेळ यायच्या आधीच पेट्रोल माझ्या अंगावर पेटू लागलं. पिस्टन वर येत होता आणि आग त्याला खाली ढकलत होती. मला थांबता येईना. एक मोठा आवाज झाला, पिस्टनला भोक पडलं आणि जीप धूर ओकत रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"काय झालं भाऊ? कावून थांबली?" शकुन विचारत राहिली. खुशालराव रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. सव्वा तासानं संत्र्याचा एक ट्रक थांबला.

बुधाजी जगला. महिन्याभरानं घरी आला, पण त्याचे दोन्ही हात कायमचे थरथरू लागले. डॉक्टर एवढंच म्हणाले की आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

इंजिन उघडल्यावर मिस्त्रींनी मला बाहेर काढलं. माझी दांडी वितळून तिचा मणी झाला होता. मिस्त्रींना सगळं समजलं. खुशालराव मात्र म्हणाले, "जुनी गाडी, मिस्त्री. तुमचा काय दोष?" आणि मिस्त्रींनी मला गुपचूप खिशात टाकलं. मला वाचा असती तर मी बोललो असतो, असं म्हणायला मला आवडेल. पण कौतुकाच्या वेळी जो मिरवला, त्यानं असलं काही म्हणू नये.

बुधाजी घरी आल्याचं कळलं आणि मिस्त्रींचं जेवण सुटलं. तिसऱ्या दिवशी आयशाबींनी नवऱ्याला विचारलं, "जेवून नाई राहिले, काय लपवून राहिले?" मिस्त्रींनी खिशातून मला काढून त्यांच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. आयशाबींनी मला हातही लावला नाही. म्हणाल्या, "मले कावून दाखवता? ज्याचे हात गेले त्याले दाखवा."

मिस्त्री बुधाजीच्या दारात गेले. मला तळहातावर धरून म्हणाले, "बुधाजीभाऊ, गाडीच्या जुनेपणाचा दोष नोता. मी चुकीचा प्लग लावला. दुकानवाल्या सरफराजनं सांगतलं होतं, दोन दिवस थांबा, बरोबर प्लग मागवून देतो. मी ऐकलं नाई."

शकुननं विचारलं, "दोन दिवस थांबता येत नोतं का मिस्त्री तुमाले?"



पुढं मिस्त्री सरफराजकडे गेले, झालेलं सगळं सांगितलं आणि थंड प्लग मागवून ते येईपर्यंत थांबले. नवा पिस्टन बसून जीप पुन्हा धावू लागली. आज कोणी जोर वाढवलेलं इंजिन घेऊन आलं की मिस्त्री आधी माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "मले मालूम नाई, विचारून सांगतो." मित्रांनो, तुमच्या हाती कुणाची गाडी येईल, कुणाचं औषध येईल, कुणाचं आणखी काही येईल. जे ठाऊक नाही ते विचारा, आणि सांगणारा लहान आहे म्हणून त्याला हसू नका.

पुढच्या दसऱ्याला थाळीत चार तपकिरी प्लग होते. मिस्त्रींनी मला खिळ्यावरून काढून सोबत आणलं होतं, पण ओट्याच्या कडेला, थाळीच्या बाहेर ठेवलं होतं. जमुनाबाईंचा हात माझ्याकडे वळला तसे ते म्हणाले, "वहिनी, याले नका लावू."

बुधाजी तिथंच बसला होता. त्यानं कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं आणि माझ्याकडे आणलं. बोट थरथरत होतं. टिळा लावता लावता कुंकू माझ्या पांढऱ्या अंगावर वेडंवाकडं ओढलं गेलं. त्यानं मला माफ केलं की आठवण करून दिली, ते मला कळलं नाही. ते कुंकू मिस्त्री आजही पुसत नाहीत.