हिरव्या डब्यातली पिठीसाखर

धुतलेला डबा पुसताना द्राहोमीराचं बोट तळाशी कशाला तरी अडकलं. पत्र्यावर खिळ्यानं ओढलेली फुली होती. तिनं डबा खिडकीपाशी नेला, चष्मा वर-खाली करून पाहिला. फुलीच होती.

ती फुली तिच्या नवऱ्याच्या हातची. कार्लोव्हा पासेका या गावच्या काचकारखान्यात बोहुमीर तीस वर्षं भट्टीसाठी मिश्रण करायचा. वाळू, सोडा, पोटॅश, आणि काचेतले बुडबुडे निघून जावेत म्हणून थोडा सोमल, म्हणजे आर्सेनिकचं पांढरं विष. कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी आठवण म्हणून पेले नेले, फुलदाण्या नेल्या. या पठ्ठ्यानं घरी काय आणावं? सोमल! उंदरांना होईल म्हणाला. बिस्किटांच्या हिरव्या डब्यात भरून, तळाशी फुली मारून, तो लाकडांच्या खोपटात वरच्या फळीवर ठेवून दिला. आणि तस्साच दुसरा हिरवा डबा स्वयंपाकघरात पिठीसाखरेचा. अशा माणसाला काय म्हणावं? बोहुमीरला जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे म्हणायचीही सोय नव्हती.

आज गावच्या चर्चची जत्रा. पहाटे उठून द्राहोमीरानं एकशेवीस कोलाच भाजले होते, वर आलुबुखाराचा मुरंबा आणि गोड चक्का घातलेले गोल पाव. गरम असतानाच कपाटातला हिरवा डबा काढून तिनं त्यांच्यावर पिठीसाखर भुरभुरली. डबा रिकामा होईपर्यंत भुरभुरली. नऊ वाजता गावच्या अग्निशमन दलाचे बंबवाले येऊन तबकं खाली कारखान्याच्या जुन्या आवारात घेऊन गेले.

ती खोपटाकडे धावली. वरच्या फळीवर धुळीत एक गोल डाग तेवढा होता, डबा नव्हता. परत येऊन तिनं कपाट उपसलं. दुसरा हिरवा डबा कुठेच नव्हता.

मग हा घरात आणला कुणी? घरात राहणारी ती एकटी.

सोमल दगडासारखा जड. सकाळी डबा जड लागला होता का? ती डोळे मिटून उभी राहिली. कणीक मळून हात भरून आले होते एवढंच आठवलं, डब्याचं वजन काही केल्या आठवेना. तिला सोमलाइतकीच स्वतःच्या डोक्याची भीती वाटली.

त्या डोक्यावर आधीच खटला चालू होता. ईस्टरच्या शनिवारी तिची मुलगी रादका लिबेरेत्सहून आली, दिवसभर घर आवरलं, आणि सोमवारी सातही कोंबड्या मेल्या. "आई, तू त्यांना पाणी द्यायला विसरलीस," रादका म्हणाली. "दिलं होतं पाणी," द्राहोमीरानं दहादा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मग जूनमध्ये दूध गॅसवर विसरून पातेलं जळलं, ते मात्र खरंच तिच्या हातून झालं होतं. आता रादकाच्या पर्समध्ये लिबेरेत्सच्या वृद्धाश्रमाचा अर्ज होता. जत्रा झाली की सही करायची, असं कालच ठरलं होतं.

म्हणजे खाली जाऊन आरडाओरडा केला आणि ती साखरच निघाली, तर म्हातारीला वेड लागलं यावर सगळ्या गावासमोर शिक्कामोर्तब. सही, बॅग, लिबेरेत्स. आणि गप्प बसली, आणि सोमल असला तर?

तिनं बंबखान्यात फोन लावला. घंटा वाजत राहिली. सगळे चर्चमध्ये. घड्याळात पावणेअकरा झाले होते. अकराला प्रार्थना संपणार आणि तबकांवरचे रुमाल निघणार.

द्राहोमीरा घरातल्या सपाता घालूनच उतारावरून पळत सुटली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी जेवढं पळता येतं तेवढं. वळणावर एक सपात निसटली, ती तिनं तिथेच सोडली. देवा, ते प्रवचन लांबू दे, ती पुटपुटत होती. एरवी याच पाद्रीबाबांच्या लांबणीला ती नावं ठेवायची. तिसऱ्या वळणावर चर्चची घंटा सुरू झाली.

आवारात बंबप्रमुखाची चार वर्षांची मुलगी टेबलाखाली बसली होती. तिचे ओठ, नाक, हनुवटी, सगळं पांढरं.

"किती खाल्लेस गं?"

मुलीनं दोन बोटं दाखवली. मग विचार करून तिसरं.

चर्चमधून माणसं येतच होती. द्राहोमीरानं टेबलावरची सुरी खाडकन तबकावर आपटली.

"खाऊ नका! कुणी हात लावू नका! सोमल आहे त्यात! बोहुमीरच्या डब्यातला सोमल!"

सगळे थबकले. एक हात कोलाचासकट हवेत राहिला. कुणीतरी फिसकन हसलं.

"मावशी, सकाळी सकाळी किती घेतली?" बंबप्रमुख म्हणाला.

"तुझ्या पोरीनं तीन खाल्लेत, गाढवा! ओकारी काढ तिची! रुग्णवाहिका बोलाव!"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो मुलीला उचलून नळाकडे पळाला. तेवढ्यात रादकानं गर्दीतून येऊन आईचा दंड धरला.

"आई, पुरे. सगळे बघतायत. एका पायात सपात नाही तुझ्या. चल घरी."

"रादका, विष आहे गं."

"हो, हो. चल." ती रडवेली झाली होती. "माफ करा हं, हिचं हल्ली असंच होतं."

"सोड तिला," म्हातारा वेंडेलिन म्हणाला. चाळीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, त्याच्या भुवया कधीच नीट उगवल्या नव्हत्या. "साखर की सोमल, निखारा सांगेल. सोमल जळला की लसणाचा वास येतो. आण इकडे एक."

त्यानं सॉसेजच्या शेगडीवर वाकून हुंगलं आणि शिवी हासडली. सॉसेजमध्ये लसूण, शेगडीला लसूण, अख्ख्या आवाराला लसणाचा वास. त्यानं फावड्यावर धगधगते निखारे घेतले आणि कारखान्याच्या चिमणीच्या उरलेल्या जोत्याकडे, वारा येत होता त्या बाजूला चालू लागला. त्याच्यामागे द्राहोमीरा, तिच्यामागे सगळं गाव. नळाकडून मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता.

द्राहोमीरानं कोलाचावरची पिठी सुरीनं खरवडली. निम्मी खाली सांडली. उरलेली निखाऱ्यावर पडली. वेंडेलिननं नाक पुढे केलं. तीसुद्धा वाकली. सोमल असू नये, एवढंच तिच्या मनात होतं. वृद्धाश्रमात नेऊन टाका मला, पण सोमल नको.

पिठी फसफसली, पिवळी झाली, काळी झाली.

"साखर," वेंडेलिन म्हणाला. "नुसती जळकी साखर."

द्राहोमीरा जोत्यावर मटकन बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. नळाकडे कुणीतरी ओरडून सांगितलं. लोक मोठ्यानं बोलायला लागले, काही हसायला लागले. रादका आईशेजारी बसली. तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली.

"आई, आता तरी पटलं ना तुला?"

द्राहोमीरानं मान हलवली. पटलं होतं. आता सांगतील तिथे ती सही करणार होती.

वेंडेलिन मात्र फावडं टेकून उभाच होता. "पण मग बोहुमीरचा माल गेला कुठे? दोन किलो तरी होता. मीच भरू लागलो होतो त्याला. हिरवा डबा, खाली फुली."

"तो खोपटातला?" रादका म्हणाली. "तो तर मीच रिकामा केला. आईचा डबा मी बिस्किटं भरून लिबेरेत्सला नेला ना, म्हणून तो धुऊन त्यात साखर भरून ठेवली. सांगितलं होतं मी तुला, आई." तिनं आठवून पाहिलं. "की राहिलं सांगायचं?"

"आणि आत होतं ते?"

"जुनाट पीठ होतं काहीतरी. दगडासारखं जड, गुठळ्या झालेलं. फुकट कशाला घालवायचं, म्हणून बटाट्याच्या सालींत कालवलं आणि..."

तिची नजर आईकडे वळली.

"कधी?" वेंडेलिननं विचारलं.

"ईस्टरच्या शनिवारी," रादका म्हणाली. तिचे हात पर्सवर तसेच राहिले होते.

द्राहोमीरानं नाक पुसलं. ती मुलीकडे बघत होती, आणि तिच्या आवाजात राग नव्हता.

"पाणी दिलं होतं मी त्यांना," ती म्हणाली.