तबकात पडली पन्नासाची नोट

मी एक जुनं पितळी तबक आहे. काठावर वेलबुट्टी, मधोमध निरांजनाने पाडलेला काळा डाग. मित्रांनो, पुण्यात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. माझ्या मालकीणबाई म्हणजे नीताताई. त्यांना कीर्तन शिकवणाऱ्या बुवांनी मला त्यांच्या लग्नात भेट दिलं आणि म्हणाले, "पोरी, कीर्तन संपलं की हे श्रोत्यांत फिरव. देव देईल ते घे, जास्त मागू नकोस."

पुढे २०११ साली त्यांच्या यजमानांना, संजीवरावांना, सिंगापुरात नोकरी लागली आणि मी साडीत गुंडाळून विमानात चढलो. तिथल्या सेंगकांग भागात नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दर एकादशीला नीताताई कीर्तनाला उभ्या राहत. संजीवरावांच्या ऑफिसातले प्रबोधकाका पेटी वाजवत. सोफा भिंतीला लागे, बाहेर चपलांचा ढीग होई. काय सांगू तो थाट! उत्तररंगात गोष्ट रंगली की शेजारच्या तमिळ आजीही डोळे पुसायच्या. भाषा कळो न कळो. मग आरती, आणि मग मी हातोहात फिरायचो. कुणी दोन डॉलर टाके, कुणी पाच. ती नीताताईंची बिदागी. कीर्तनकाराची ती रीतच आहे.

घरात नीताताईंची सोळा वर्षांची लेक गार्गी. फुटबॉलची गोलकीपर. अशी झेप घ्यायची की प्रबोधकाका म्हणत, "नीतावहिनी, हिला मारुतीच्या जन्माच्या कीर्तनात उभी करा."

२०१४च्या एका एकादशीला तिच्या आवडत्या कॉलेजचे फुटबॉल कोच टॅन घरी आले. गार्गीने आपल्या संघात यावं, एवढंच आईबाबांना सांगायचं होतं. पण कीर्तन सुरू झालेलं. बिचारे बूट काढून दोन तास मांडी घालून बसले. शेवटी मी त्यांच्यापुढे आलो. सगळे नोटा टाकतायत हे पाहून त्यांनी पाकीट उघडलं, पन्नासाची नोट माझ्यात ठेवली आणि ज्योतीवरून हात फिरवून डोक्याला लावला. प्रबोधकाकांनी कौतुकाने व्हिडिओ काढला आणि फेसबुकवर टाकला: 'कोचसाहेब आरती घेताना!'

तिथेच माशी शिंकली.

दुसऱ्या कॉलेजच्या पालकांपर्यंत तो व्हिडिओ गेला. कोच खेळाडूच्या घरी पैसे देतो! पन्नासाचे बोलता बोलता पाच हजार झाले. कॉलेजने कोचना मैदानावर येऊ नका म्हणून सांगितलं, गार्गीचा प्रवेश थांबवला आणि घरच्यांना चौकशीला बोलावलं.

"मी हौसेने टाकला हो," प्रबोधकाका रडवेले झाले. "माझंच बोट झडो."

"बोट राहू दे, उद्याचं बघू," संजीवराव म्हणाले. मग नीताताईंकडे वळून हळूच म्हणाले, "पैसे देवळात दिले म्हणून सांग. कोण विचारायला जातंय? पोरीचं वर्ष वाचेल."

नीताताईंना ठाऊक होतं आणि मलाही. ती नोट देवळात गेली नव्हती. त्या बिदागीतून त्यांनी गार्गीला गोलकीपरचे नवे ग्लोव्हज आणले होते. मनात पाप नव्हतं, पण विचारही केला नव्हता.

सकाळी त्यांनी मला पिशवीत घातलं. "आई, तबक कशाला? सो एम्बॅरसिंग, लाह!" गार्गी सिंगापुरी ढंगात कुरकुरली.

"त्यांनी कधी पाहिलं नसेल गं. दाखवल्याशिवाय कसं कळेल?"

चौकशी करणाऱ्या गोह मॅडमनी मला टेबलावर उलटसुलट करून पाहिलं. कोच टॅन कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. "मला वाटलं, पैसे देवाला जातात," ते इंग्रजीत म्हणाले.

"मग गेले कुणाला?" मॅडमनी विचारलं.

संजीवराव खाकरले. गार्गीने आईचा हात घट्ट धरला.

"मला," नीताताई म्हणाल्या. "कीर्तन मी करते, ती माझी बिदागी असते. त्यातून मी हिला ग्लोव्हज घेतले. कोचना यातलं काही माहीत नव्हतं. त्या पन्नासाशिवाय एक सेंटही आमच्या घरात आला नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "देवळात दिले असं तुम्ही म्हणाला असतात, तर मी बाकीचंही खरं मानलं नसतं," त्या म्हणाल्या. कोचना ताकीद मिळाली आणि सोमवारपासून मैदानही मिळालं. गार्गीला मार्कांवर प्रवेश मिळाला. पण खेळाडूच्या घरी पैसे पोचले, म्हणून पहिलं वर्ष संघात जागा नाही. कॉलेज दोनच वर्षांचं, मित्रांनो. म्हणजे निम्मं गेलं.

परतताना एलआरटीत, तिथल्या छोट्या लोकल गाडीत, मी गार्गीच्या मांडीवर होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. अचानक तिच्या डोळ्यांतले गरम थेंब माझ्यावर पडायला लागले.

"आई, एक वर्ष खूप असतं गं."

"हो बाळा. खूप असतं."

दोन दोन तास अखंड बोलणाऱ्या माझ्या नीताताईंनी ना ओवी म्हटली, ना दृष्टांत दिला. त्यांनी ओढणीने आधी लेकीचे डोळे पुसले, मग मला.

मित्रांनो, पितळ चिंचेने घासलं की लखलखतं आणि चार दिवस हात लावला नाही की काळवंडतं. आम्हाला अडगळीत टाकू नका, एवढं तर मी मागतोच. पण आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी खरं बोलून काही गमावून बसलं असेल, तर त्याला लगेच शहाणपण शिकवू नका. आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.