दवात कापलेल्या ओंब्या

खेजालआत्याच्या शेळ्या ज्या उतारावर चरतात, तिथले जव रानचे निघाले तर आमच्या कचेरीच्या प्रमुख नेर्मिनबाई ते जपायला त्या उताराला कुंपण घालणार होत्या. कधीकाळी कुणी पेरलेल्या पिकाचे निघाले, तर नाही. दियारबकिरच्या कचेरीत मोजमापाचं काम माझ्याकडे, आणि मला लहानाची मोठी केली ती आत्याने. असली नोकरी वैऱ्यालाही मिळू नये.

ओंब्या कापून तिनेच आणल्या होत्या. दाण्याची लांबी, जाडी, कुसळं, सगळं मोजून झालं. यंदा पाऊस बरा झालेला, रानातले दाणेही टपोरे. आकडे धड इकडे ना तिकडे. उरली एकच कसोटी. पिकल्यावर रानजवाची ओंबी आपोआप तुटते आणि दाणे सांडतात, पेरलेल्याची शाबूत राहते. मी एक ओंबी हलवली. एकही दाणा पडला नाही. दुसरीही तशीच.

"पेरलेलेच आहेत, आत्या!"

"मग मी काय खोटं बोलत होते?" ती फणकारली. "लिही लवकर. तुझी बाई येईल आता."

पेन उचलताना ओंब्यांखालचं फडकं हाताला लागलं. ओलं होतं.

"आत्या, कापलंस कधी?"

"कधी म्हणजे? उजाडताना, दवात. उन्हं चढल्यावर विळा लावायला मी काय शहरातली आहे?"

मी पेन खाली ठेवलं. आमच्याकडच्या सगळ्या बायका दवातच कापणी करतात, कारण ओली ओंबी तुटत नाही. रानचीसुद्धा. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं!

आत्ताच लिहून टाकलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. शेवटी ओंब्या उचलून मी ओट्यावर उन्हात पसरल्या.

आत्याने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. तुटू नका, तुटू नका, असं मी मनात म्हणत बसले. मग कुणी हात न लावता एक ओंबी सुटली. पाठोपाठ दुसरी. तुटल्या जागी गुळगुळीत वण, रानजवाचा असतो तसाच.

"रानचे?" आत्याने विचारलं.

"हो."

रस्त्यावर बाईंची गाडी वाजली. आत्या आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

"थोडं पाणी शिंपडू का गं?"

तिच्या आवाजात लबाडी नव्हती, नुसती भीती होती. मी तांब्या तिच्या हातातून काढून घेतला. जन्मात पहिल्यांदा तिला 'नको' म्हणाले.