व्याह्यांची फ्रेम

फर्निचरच्या दुकानाशेजारचा लाकडी जिना चढून गेलं की वर स्नूकरचा क्लब होता. तिथे हौशी मंडळींना खेळ शिकवायला एक बाई होती, तिला सगळे कोचबाई म्हणत. चॅम्पियन व्हायला तिच्याकडे कुणीच येत नसे. कुणी मेव्हण्याची जिरवायला येई, तर कुणाला डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असे आणि तो टेबलाभोवती चालून घेई. कोचबाई सगळ्यांना सारख्याच मायेने पाय कुठे रोवायचे ते दाखवी आणि तेवढ्याच मायेने चुकलेल्या कोपराला टपली मारी.

तिची खरी पंचाईत झाली ती घरच्यांमुळे.

एका रविवारी तिचे आईवडील तिच्या सासरी जेवायला आले होते. जेवणं आटोपली आणि टीव्हीवर स्नूकरची मॅच लागली. तिच्या वडिलांचं चष्म्यांचं दुकान. त्यांनी आपला चष्मा पुसला, पडद्याकडे रोखून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, "नजर साफ असली की झालं. यात दुसरं आहे काय?"

सासऱ्यांची मोटार शिकवण्याची शाळा होती. जन्मभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे ते सहसा कुणाचं खोडून काढत नसत. पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "नजर तर सगळ्यांनाच असते, व्याहीबुवा. हा खेळ कंट्रोलचा. कुठे सोडायचं, कुठे दाबायचं."

"मग खेळूनच बघू एकदा."

"बघू की. पुढच्या महिन्यात, सूनबाईच्या क्लबात."

दोघांनीही उभ्या आयुष्यात स्टिक हातात धरलेली नव्हती. विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि टेबलावरची भांडी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोचबाई टेबलाचं हिरवं कापड ब्रशने साफ करत होती, तर जिन्यावरून तिचे वडील धापा टाकत वर आले. दुकानाला कुलूप ठोकून आले होते.

"चिमे, मला शिकव. पण तुझ्या सासऱ्यांना कळता कामा नये. आईलाही नको. ती लगेच विहीणबाईंना फोन करेल."

तिने हसत हसत शब्द दिला. दुपारी पुन्हा जिना वाजला. आता सासरे होते. शाळेची गाडी ओळखू येऊ नये म्हणून दोन गल्ल्या सोडून लावली होती.

"सूनबाई, जरा नाजूक काम आहे. तुझ्या वडिलांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही."

"बाबा, पण..."

"आधी शब्द दे."

तिने तोही दिला. एकाच दिवशी दोन शब्द देऊन बसल्याचं तिला ओझं वाटायला हवं होतं. त्याऐवजी पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या आणि त्या पुढे महिनाभर काही थांबल्या नाहीत.

शिकवणी सुरू झाली. वडील एक डोळा मिटून नेम धरत. मग तो उघडून दुसरा मिटत आणि कुठल्या डोळ्याने बॉल जास्त स्पष्ट दिसतो याचा इतका विचार करत, की मारायचं राहूनच जाई. सासऱ्यांचं वेगळंच. बॉल जरा जोरात निघाला की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. पुढे काही आडवं आलं तर ते दातओठ खाऊन म्हणत, "हॉर्न दे, हॉर्न दे."

पण एक खोड दोघांची सारखी होती. शॉट मारला रे मारला की मान वर. बॉल कुठे गेला ते बघायची इतकी घाई, की स्टिक हलून नेम चुकलाच म्हणून समजा. कोचबाईने समजावून पाहिलं, टपल्या मारून पाहिल्या. शेवटी तिला एक युक्ती सुचली.

"अप्पा," ती वडिलांना म्हणाली, "बॉल मारला की तसंच वाकून राहायचं. पाहुणे आलेत असं समजा आणि हळूच म्हणा, 'बसा, पाणी घ्या.' तेवढं म्हणून झालं की मगच मान वर."

त्या सकाळी वडिलांचे दोन लाल बॉल लागोपाठ पॉकेटमध्ये गेले. युक्ती लागू पडल्याच्या आनंदात तिने दुपारी तीच सासऱ्यांनाही सांगून टाकली. यातून पुढे काय होईल हा विचार तिच्या मनाला शिवलादेखील नाही.

इकडे दोन्ही घरांत चमत्कार दिसू लागले. आईचा फोन आला, "अगं, तुझे अप्पा हल्ली जेवायच्या टेबलावर हनुवटी टेकून मिठाच्या डबीकडे बघत बसतात. मानेचं काही असेल का?" सासूबाईंची तक्रार उलटी होती. "हे आपणहून झाडूचा दांडा घेऊन कपाटाखाली घालतात. इतक्या वर्षांत कधी घातला नाही. मला बाई काळजी वाटते." कोचबाईने दोघींना धीर दिला आणि प्रत्येक वेळी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. "तुला झालंय तरी काय?" नवऱ्याने विचारलं. ती पुन्हा हसत सुटली.

मॅचच्या दिवशी दोघे व्याही इस्त्रीचे कपडे घालून आले. विहिणी बाकावर बसल्या. गुण मांडायला नवरा फळ्याजवळ उभा राहिला. कोचबाई पंच.

पहिला शॉट वडिलांचा. ते वाकले, मारलं आणि वाकलेलेच राहून काहीतरी पुटपुटले. मग सासऱ्यांनी मारलं. तेही वाकलेलेच राहिले, तेही पुटपुटले. सासूबाईंनी कान टवकारले.

"विहीणबाई, हे पाणी मागताहेत का हो?"

"आमचेही मागताहेत वाटतं," आई म्हणाली आणि लगबगीने जाऊन कोपऱ्यातल्या माठातून दोन पेले भरून आली. दोघांनी निमूटपणे पाणी प्यायलं. पुढच्या शॉटला पुन्हा पुटपुटणं ऐकू आलं, पुन्हा पेले आले. चौथ्या पेल्यानंतर वडिलांना बाहेर जाऊन यावं लागलं, मग सासऱ्यांनाही. कोचबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे गदगदत होते.

दोघेही वाईट खेळत होते, पण अगदी सारखं वाईट. त्यामुळे गुण खांद्याला खांदा लावून सरकत राहिले आणि शेवटी टेबलावर एकटा काळा बॉल उरला. जो काळा घालेल, त्याची फ्रेम, म्हणजे अख्खा डाव. पाळी सासऱ्यांची आली. काळा पॉकेटच्या तोंडाशीच होता. सासरे वाकले, दम धरला, मारलं आणि त्याच क्षणी मान वर. काळा पॉकेटच्या काठावर आपटून बाहेर आला.

वडिलांना राहवलं नाही. अगदी कळवळून ते बोलून गेले, "अरेरे, व्याहीबुवा, पाणी न घेताच उठलात."

सासरे हळूहळू सरळ झाले.

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनी मिळून कोचबाईकडे पाहिलं. ती टेबलाच्या पायाला टेकून जमिनीवर बसली होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हणजे तुम्ही सकाळी यायचात?" सासऱ्यांनी विचारलं.

"आणि तुम्ही दुपारी? अहो, एकदा जिन्यात वास आला होता मला पेट्रोलचा."

"सूनबाई, तू शब्द दिला होतास."

"पाळला की, बाबा," ती हसू आवरत म्हणाली. "मी कुणालाच सांगितलं नाही. तुमचं तुम्हीच सांगितलंत."

आता वडिलांची पाळी होती, पण त्यांनी स्टिक खाली ठेवली. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी एकमेकांना हरवायचं म्हणजे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. सासऱ्यांनाही ते मनापासून पटलं. मग काळा कोचबाईनेच घालावा, असं ठरलं.

ती कशीबशी उठली आणि वाकली. असे शॉट तिने झोपेतसुद्धा घातले असते. पण बाकावरून सासूबाईंनी साळसूदपणे विचारलं, "हिलाही पाणी आणू का?" आणि तिला परत हसू फुटलं. काळा पॉकेटमध्ये गेला आणि त्याच्यापाठोपाठ, जो कधीच आत जाऊ द्यायचा नसतो तो पांढराही डुलत डुलत आत पडला.

"फाउल," दोघे व्याही एका सुरात म्हणाले. लग्न ठरल्यापासून त्यांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. सासऱ्यांनी वडिलांच्या पाठीवर थाप मारली, वडिलांनी ती तितक्याच जोरात परत केली आणि नवऱ्याने फळ्यावर कोचबाईच्या पराभवाची नोंद केली.

तिघे पुरुष खुर्च्यांवर बसून मॅचचा प्रत्येक शॉट नव्याने खेळत असताना पलीकडच्या टेबलावर खट्ट आवाज झाला. आईने स्टिक उचलली होती. सासूबाई कमरेवर हात ठेवून लाल बॉलांचा त्रिकोण निरखत होत्या.

"बाई गं," त्या सुनेला म्हणाल्या, "यातला सगळ्यात किमती बॉल कुठला? आधी तोच घालते."

"तो नाही, आई. आधी लाल."

"मग लाल कसा घालायचा ते दाखव. आणि ह्यांना सांगायचं नाही."

"ते ऐकताहेत, आई."

"ऐकू देत," सासूबाई म्हणाल्या आणि कोचबाईने त्या टेबलावरचा दिवा लावला.