दोघींचा एक नंबर

भामाबाईला दोन मुली झाल्या आणि दोघींचं नाव सुप्रिया. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण गुंजवणे गावाच्या वर डोंगरात जो धनगरवाडा आहे, तिथे कुणालाच तसं वाटलं नाही. पहिली अकरा महिन्यांची होऊन तापाने गेली. पुरायला नेण्याआधी भामाबाईच्या सासूने, ठकुबाईने, तव्याच्या काजळीचं बोट तिच्या उजव्या टाचेला लावलं. पोर परत येणार असेल तर खूण घेऊन येते, असं म्हातारी माणसं मानतात. पुढच्या श्रावणात दुसरी झाली आणि तिच्या टाचेवर तिळाएवढा काळा डाग निघाला. म्हातारीने खीर करून वाड्याला वाटली. नावाचा तर प्रश्नच नव्हता. आपल्याच पोरीला दुसऱ्यांदा नवं नाव कोण ठेवतं?

भामाबाईला मात्र तो डाग कधी पटला नाही. पहिली मुठी वळून झोपायची, ही हातपाय पसरून. पहिलीला कुशीत घेतल्याशिवाय डोळा लागायचा नाही, ही एकटीच कोपऱ्यात लोळत जायची. आईला हे कळणार नाही तर कुणाला कळणार? पण सगळं घर आनंदात असताना आपण एकटीने सुतक कशाला धरायचं, म्हणून ती गप्प बसली. अशी दहा वर्षं गेली.

पहिलीचं आधार कार्ड घरात होतं, ते दुसरीला आपसूक लागलं. पाचव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायची वेळ आली तेव्हा दुसरीचे दिले. तारीख मेलेलीची, बोटं जितीची, आणि कार्ड बिनबोभाट चाललं.

मग वर दिल्लीत ठरलं की देशातल्या प्रत्येक पोराचा एक नंबर असावा. अभ्यास, हजेरी, निकाल, सगळं त्या नंबरावर दिसावं आणि एकही मूल नजरेतून सुटू नये. ठरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. वाड्यावरच्या शाळेत बारा पोरं, पाचवीपर्यंतचे वर्ग आणि एकटे गोरख गुरुजी. तिथेही चार टॅब आले. नंबर टाकला की ज्याचा त्याचा धडा उघडायचा. सुप्रिया त्यावर इतकी पटाईत झाली की टॅब अडला की गुरुजीच तिला हाक मारायचे.

पाठोपाठ फर्मान आलं, की प्रत्येक आईला विचारून जन्मतारीख ताडून बघा. भामाबाई दूध घालायला खाली निघाली होती, तेव्हा गुरुजींनी सहज विचारलं, पोर पौषातली ना? आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पौषातली पयली. ही श्रावणातली."

मग तिने दुधाची किटली खाली ठेवली आणि शाळेच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. वळलेल्या मुठीसुद्धा. त्या दोघी आहेत, एक नव्हे, हे तिने जन्मात पहिल्यांदा कुणाजवळ बोलून दाखवलं. त्या दिवशी तिला फार हलकं वाटलं.

गुरुजी सरळ माणूस. दोघींचे कागद वेगळे करू, म्हणाले, जिचं तिला. भामाबाईला ते शब्द आवडले. पहिली सरकारी दवाखान्यात जन्मली होती आणि गेली तेव्हा उपकेंद्राच्या वहीत नोंदही झाली होती, त्यामुळे मृत्यूचा दाखला लगेच निघाला. त्यावर त्या पोरीचं नाव होतं. तिचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. भामाबाईने वेल्ह्याच्या बाजारात दाखल्याला प्लास्टिक लावून घेतलं आणि तो ट्रंकेत साड्यांखाली ठेवला.

शाळेचा नंबर पहिलीच्याच कार्डावर निघालेला होता, म्हणून मृत्यूची नोंद वर पोचली तसा पंधरा दिवसांनी तो बंद झाला. सुप्रियाने तो तीनदा टाकला, तिन्ही वेळा टॅब म्हणाला, असा विद्यार्थी नाही. वर्गात बारा पोरं, टॅबच्या हिशेबी अकरा. गुरुजी कागदावर तिची हजेरी मांडत राहिले, पण कागदाला आता विचारतो कोण?

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सहावीसाठी भोरला मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत तिचं नाव घालायचं होतं. तो अर्ज नंबराशिवाय उघडत नव्हता आणि शुक्रवार शेवटचा दिवस होता. नवा नंबर काढायचा तर जन्माचा दाखला हवा. दुसरी जन्मली भर पावसात, वाट वाहून गेलेली असताना, घरातच. मेलेलीची नोंद होती, जितीची कुठेच नव्हती. उशिराच्या नोंदीला सहा महिने लागतील असं कळलं. ठकुबाई म्हणाली, न्हाई तर न्हाई, म्हशींमागं जाईल, दोन वर्सांनी स्थळ बघू. भामाबाई स्वतः पंधराव्या वर्षी या घरात आली होती. सासूच्या बोलण्यात धमकी नव्हती, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

गुरुवारी गुरुजी मायलेकींना तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले. पोरीला बाहेर बाकावर बसवलं. तिथले साहेब समजूतदार निघाले. त्यांनी वाट काढली. मृत्यूची नोंद चुकून झाली, मुलगी एकच आणि ती जिवंत आहे, असं आईने लिहून द्यायचं. दाखला परत करायचा. संध्याकाळपर्यंत नंबर चालू.

गुरुजींचा चेहरा उतरला. "बाई, हे माझ्यामुळं झालं," ते हळूच म्हणाले. "नको वाटत असेल तर राहू द्या. मी दुसरं काही बघतो." दुसरं काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुली किती तुम्हाला?"

"एक."

"एखादं मूल वारलंय?"

भामाबाईने पिशवीतून दाखला काढला आणि टेबलावर ठेवला. "न्हाई," ती म्हणाली.

अंगठा उठला. दाखल्यावर रद्दचा शिक्का बसला. तो कागद मला ठेवता येईल का, असं तिने विचारलं. रद्द झालेला कागद घरी नेऊन काय करणार, असं म्हणत साहेबांनी तो फायलीत लावला. त्यांचंही चुकलं नाही. हे सगळं असंच झालं, कुणाचंच काही चुकलं नाही. आणि एका बाईला आपली लेक दुसऱ्यांदा पुरावी लागली, तीही आपल्या हाताने.

एसटीची वाट बघताना सुप्रियाने विचारलं, "आये, आजी म्हन्ती, माज्या आदी जी व्हती ती मीच. गुरुजी म्हन्त्यात ती येगळी व्हती. खरं काय?"

दहा वर्षं भामाबाईने याच प्रश्नाची वाट पाहिली होती. पोर जाणती झाली की तिला जवळ बसवून बहिणीबद्दल सांगायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण उद्या भोरच्या शाळेत कुणी विचारलं तर मायलेकींचं एकच निघायला हवं होतं.

"कोन बी न्हवती," ती म्हणाली. "तू येकलीच. कुनी इचारलं तर आसंच सांगायचं."

सुप्रिया हुशार पोर. एखादी कविता पाठ करावी तसं तिने म्हणून बघितलं, "मला भन न्हवती." मग चुकायला नको म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. भामाबाईने दोन्ही वेळा मान हलवली.