बिनफवारणीच्या दोन ओळी

निरगुडसरच्या दादाभाऊला टोमॅटोच्या औषधात कुणी बनवू शकत नसे. दुकानदार कितीही गोड बोलो, नवं औषध आलं की हा दोन ओळी बिनफवारणीच्या सोडायचा आणि वहीत तारीख टाकायचा. शिवाय एका वेळी एकच औषध. दोन मिसळली तर गुण कशाचा ते कळत नाही, असं गावभर ऐकवायचा. रत्नाला नवऱ्याच्या या शहाणपणाचा केवढा अभिमान! आज त्याच शहाणपणाची तिला शिसारी आली.

सुतळी शोधायला ती पंपाच्या खोलीत गेली, तर वहीखाली तिच्या गोळ्यांची पाकिटं. एकही गोळी फोडलेली नाही. तिने वही उघडली. करपा रोगाच्या फवारणीच्या नोंदीखाली त्याच निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘रत्ना. गोळी बंद. पावडर एकटी.’ तारीख बावीस दिवसांपूर्वीची.

आठ वर्षांचा तिचा आजार. कधी मन उधळायचं, कधी महिनोन्‌महिने खाली बसायचं. गोळीने ते थाऱ्यावर आलं होतं. मग दादाभाऊच्या मेव्हण्याने, बेल्ह्याच्या गोकुळने, याच आजारावरची म्हणून एका पावडरचा डबा आणला. डॉक्टर म्हणाले होते, “यावर थोडे अभ्यास झालेत. कुठे गुण दिसतो, कुठे नाही. घ्यायचीच तर गोळीच्या जोडीला.” गोळी रोज दादाभाऊच तिच्या तळहातावर ठेवायचा. न बघताच, विश्वासाने गिळायची ती.

बावीस दिवस तिला उठवत नव्हतं, वेणी घालवत नव्हती. आणि ती स्वतःलाच आळशी म्हणत होती.

दादाभाऊ बांधावरून आला. तिने वही त्याच्या अंगावर फेकली.

“मला काय गिळायला देत व्हता?”

“कॅल्शियमची गोळी,” तो गडबडला. “अगं, त्या गोळीनं किडनी जाती म्हनला गोकुळ. बेल्ह्यात तिघींना पावडरनं गुण आला म्हनं. पर मी त्याच्या बोलण्यावर न्हाई गेलो. नीट पारखत व्हतो.”

“पारखत व्हता? मंग बिनफवारणीच्या ओळी कुठंयत? दुसरी रत्ना ठिवलीया का बिनपावडरीची?”

तो पडलेली वही उचलायला वाकला.

“औषध लागू न्हाई पडलं, रोप बसलं, तर काय करता?”

“उपटून टाकतो,” सवयीने तो बोलून गेला.

“परवा मी इहिरीच्या काठावर तासभर उभी व्हते. ते लिवलं का वहीत?”

दादाभाऊ हात जोडायला लागला. तिला त्याची जराही दया आली नाही. तिने गोळ्यांची पाकिटं कमरेला खोचली आणि डॉक्टरांना फोन लावला. लगेच या, म्हणाले.

“गाडी काढा,” ती म्हणाली. “आन् वही घ्या. डॉक्टरांम्होरं तुमच्या तोंडानं वाचायची.”